हिशोब आत्याकडेच असू दे

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं लहानसं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तिथे एक शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी साठ ते नव्वदीच्या. गणवेशाचं गुलाबी लुगडं, खांद्याला दप्तर, दप्तरात पाटी-पेन्सिल. त्या साली शिवजयंतीला गावात वाचन चाललं होतं, तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते बोलणं मनावर घेतलं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत मिळाली आणि ‘आजीबाईंची शाळा’ उभी राहिली. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे शेतातलं आणि घरातलं आटपल्यावरची. शिकवायला गावातलीच एक सून, आणि वर्गात बसलेल्यांत तिची सासूही.

या शाळेचे फोटो पुष्कळ फिरले. अंगठ्याच्या जागी सही आली याचं लोकांना अप्रूप वाटलं, आणि ते वाटायलाच हवं. माझं मन मात्र अडकलं ते दुपारी दोनच्या त्या घराबाहेर पडण्यात. ऐंशी वर्षांची बाई उंबरा ओलांडते आणि ‘कुठे निघालीस?’ असं कुणी विचारलं तर तिच्याकडे सांगण्यासारखं उत्तर आहे. ती गेली नाही तर तिची जागा रिकामी दिसते. घरी दिलेला अभ्यास नातवंडाला दाखवायचा आहे. सून ‘आई, पुन्हा लिहा’ म्हणते आणि सासू पुन्हा लिहिते. अक्षरं किती आली हे नंतर पाहू. तिच्या दिवसाला पुन्हा आकार आला, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट.

नाशिकला आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात मी आठवड्यातून एका दुपारी जाते. तिथल्या बायकांबरोबर गाणी, कोडी, गप्पा, हाताला काहीतरी काम असं चालतं. आई आणि आत्या या दोघींचं म्हातारपण मी जवळून पाहिलं, त्यातून या विषयाचं वाचन सुरू झालं आणि वाढत गेलं. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. म्हाताऱ्या माणसाचं डोकं जागं राहावं म्हणून वेळ घालवायचं साधन त्याच्या हातात ठेवून भागत नाही. त्याने केलेल्या कामाची कुणाला तरी गरज पाहिजे. आज त्याने ते केलं नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे.

माझ्या आत्याकडे वर्षानुवर्षं दुधाचा हिशोब होता. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय, त्याच्याच खिळ्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. रोजचं दूध दीड लिटर. ज्या दिवशी घेतलं नाही त्या चौकोनात फुली, म्हणजे खाडा. पाहुणे आले, खीर केली, की चौकोनात बारीक अक्षरात ‘जादा अर्धा’. महिनाअखेरीला दूधवाला दारात आला की आत्या चष्मा चढवून कॅलेंडरसमोर उभी राहायची. महिना तिसाचा, खाडे दोन, राहिले अठ्ठावीस. अठ्ठावीस दिडं बेचाळीस. मग जादाचं मिळवायचं आणि भावाने गुणायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळे पाढे तिने शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेले. १९५७ साली दशमान नाणी आली, शेर-छटाक गेले, लिटर आले, तरी दिडकी तिच्या जिभेवरून हलली नाही. दोघांचा हिशोब जुळला नाही तर दूधवाला स्वतःच्या वहीतला आकडा खोडायचा.

त्या एका कामात काय काय होतं ते पाहा. रोज सकाळी आजची तारीख शोधायची. ती शोधताना वार दिसतो, पुढची चतुर्थी दिसते, एकादशी दिसते आणि साबुदाणा भिजवायची आठवण होते. उद्या दूध नको असेल तर रात्रभर ते ध्यानात ठेवून सकाळी सांगायचं. महिन्याचं गणित करायचं. आणि बाहेरच्या एका माणसाशी चार शब्द बोलायचे, त्याच्या म्हशीचे, त्याच्या मुलीच्या बारावीचे. स्मरणशक्ती तपासताना डॉक्टर तारीख-वार विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, सांगितलेले शब्द थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. आत्या हे सगळं दारामागे उभ्याउभ्या करत होती.

मग दूध मोबाइलवर लागलं. घरच्यांचा हेतू चांगलाच होता. पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली मिळते, पैसे परस्पर जातात, सुट्ट्याची कटकट नाही. कॅलेंडर जागेवरच राहिलं, चौकोन मात्र कोरे राहू लागले. पुढच्या वर्षभरात आत्या वार विचारायला लागली. दूधवाला बंद झाला म्हणून तिचं विसरणं वाढलं, असं मी मुळीच म्हणणार नाही. वय होतं, रक्तदाब होता, साखर होती, आणि आत काय चाललंय ते वरून कुणाला दिसतं? पण वार माहीत असण्याचं तिला कारणच उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

वहिनीच्या ते लक्षात आलं. तिने आत्याच्या हाती इस्त्रीच्या कपड्यांची वही दिली, आणि पुढे बायकांच्या भिशीचे पैसे मोजून घ्यायचं कामही. कुणाचा हप्ता यायचाय हे आत्याला विचारायचं, दुसऱ्या कुणाला नाही, असा दंडकच घातला. चूक व्हायची, नाही असं नाही. वहिनी रात्री वही पडताळून घ्यायची, पण आत्याच्या पाठीमागे. भिशीच्या दिवशी आत्या इस्त्रीचं पातळ नेसून दुपारी तीनपासून तयार असायची. तिचं विसरणं यामुळे थांबलं नाही. तरी तो दिवस तिच्या मालकीचा असायचा, आणि बायका तिच्यासमोर येऊन नोटा ठेवायच्या.

बाजारात मात्र याच्या उलट चाललंय. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून खेळ मिळतात, ॲप मिळतात, कोड्यांची पुस्तकं मिळतात. आईवडिलांच्या वाढदिवसाला मुलं सुडोकूचं पुस्तक देतात. ज्याला सुडोकूची गोडी आहे त्याने खुशाल सोडवावं, त्यातला आनंद खरा आहे. पण सुडोकू सोडवून विसरणं कमी होईल अशी आशा लावण्याआधी एक प्रयोग पाहावा. अमेरिकेत १९९८ साली पासष्टीवरच्या २,८३२ लोकांना घेऊन त्याची सुरुवात झाली. एका गटाला लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवल्या, दुसऱ्याला तर्काची कोडी, तिसऱ्याला पडद्यावरचं झटकन ओळखण्याचा सराव दिला, चौथ्याला काहीच नाही. तासिका साधारण दहा. ज्याने जे शिकलं त्यात तो सुधारला, दुसऱ्यात नाही. दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तर्काचा आणि झटपट ओळखण्याचा फायदा काही अंशी टिकला होता, स्मरणशक्तीचा टिकला नव्हता. म्हणजे सरावाला फळ मिळतं, पण ज्या गोष्टीचा सराव केला तिच्यापुरतं. कोडं सोडवण्यात तरबेज झालेला माणूस गॅस बंद करायला विसरणार नाही, याची हमी कोडं देत नाही.

मग लोक ज्याचा हवाला देतात तो दुसरा अभ्यास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला, २००३ साली छापून आलेला. पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांकडे काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी झालेला दिसला. वाचून बरं वाटतं. पण ज्याचा मेंदू आतून थकायला लागलाय तो आधीच पत्ते सोडतो, पेटी बंद करतो, हेही असू शकतं. संशोधकांना ही अडचण ठाऊक होती. आपण वर्तमानपत्रात ‘नाचा आणि विसरभोळेपणा टाळा’ असं वाचतो तेव्हा ती अडचण गाळलेली असते.

मला जास्त जवळचा वाटतो तो हैदराबादचा अभ्यास. निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली ते काम प्रसिद्ध झालं. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि ज्यांनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांच्यातही हा फरक होता. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तो इतका ठळक दिसलेला नाही, तरी मला हे महत्त्वाचं वाटतं. शिक्षण नाही म्हणून आमच्या आज्यांची डोकी कमी चालली, असं मनात धरणाऱ्यांना यात उत्तर आहे. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच बोळात बोलत वाढलेली बाई, घरात अहिराणी आणि कचेरीत प्रमाण मराठी बोलणारा खानदेशी माणूस, मुंबईत चार भाषांत भाव करणारी मासेवाली, यांच्या मेंदूने जन्मभर हा व्यायाम केलेला असतो. वर्षानुवर्षं डोकं वापरून जी राखीव ताकद साठते तिचा अर्थ इतकाच, की हमरस्ता बंद झाला तरी पायवाटा माहीत असलेला माणूस आणखी काही काळ घरी पोचतो.

पायवाटा उतारवयातही पडू शकतात का? इथे टेक्सासमधला एक प्रयोग मला फार आवडतो. मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांच्या गटाने साठ ते नव्वद वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, नवीन काहीतरी शिकायला लावलं. काहींनी डिजिटल कॅमेरा शिकला, काहींनी तुकडे जोडून गोधडी शिवायची कला, काहींनी दोन्ही. दुसऱ्या गटाने एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ असं केलं. तिसऱ्याने घरी बसून सोपी शब्दकोडी सोडवली, गाणी ऐकली. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. नवीन आणि अवघड शिकलेल्यांच्या स्मरणशक्तीत सुधारणा दिसली, नुसतं जमून रमलेल्यांत तशी दिसली नाही.

यातली गोम अशी की गोधडी त्या अमेरिकन बाईला नवी होती. आमच्या केंद्रातल्या आजी जुन्या लुगड्यांचे पदर जोडून डोळे मिटून धावदोरा घालतात. त्यांना गोधडी शिवायला बसवून ‘मेंदूला चालना’ म्हणण्यात अर्थ नाही. गोधडी त्यांनी शिकवावी, आणि शिकायला बसावं त्यांच्या नातवाने किंवा सेवानिवृत्त झालेल्या त्यांच्या दिरांनी, ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही. आजींना नवा आहे तो फोनचा कॅमेरा. आमच्याकडच्या एका आजींनी फोटो कसा काढायचा ते शिकून घेतलं आणि आपल्या परसातल्या कढीपत्त्याचा, अळूचा, गवती चहाचा फोटो रोज सुनेच्या माहेरी पाठवू लागल्या. पलीकडून उत्तर येतं, की अळू तोडायला झालं, वड्या करा. हा व्यवहार चालू राहिला कारण पलीकडे कुणीतरी आहे.

पुरुषांचं मला जास्त अवघड वाटतं. नोकरी संपली की ओळखच संपते असं पुष्कळांचं होतं. सकाळचा फेरफटका, पेपर, कट्टा, आणि मग दुपार अंगावर येते. बायकांचा स्वयंपाकघराशी संबंध सुटत नाही, म्हणून त्यांचं निदान काही काळ तरी निभावतं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी लिपीचे वर्ग चालतात. महाराष्ट्रातल्या दप्तरखान्यांत मोडी कागदांचे ढीग पडून आहेत आणि वाचणारी माणसं कमी. निवृत्त तलाठ्याला, मास्तरांना, बँकेतल्या कारकुनाला याहून चांगलं काम कुठलं? लिपी शिकायला अवघड, हात न उचलता लिहिलेली, प्रत्येकाचं वळण वेगळं, आणि आपण वाचलेला कागद एखाद्याच्या जमिनीच्या किंवा घराण्याच्या शोधात खरोखर उपयोगी पडतो. आमच्या ओळखीचे एक काका निवृत्तीनंतर हे शिकले. त्यांच्याकडे आता गावोगावची माणसं पणजोबांची खरेदीखतं घेऊन येतात, आणि काकांना दुपार पुरत नाही.

आता ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं त्याबद्दल. कान.

केंद्रात एक आजी यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, हसल्यासारखं करायच्या. घरची मंडळी म्हणायची, हल्ली त्या गप्प असतात, विसरायला लागल्यात, सांगितलेलं ध्यानात राहत नाही. गाण्याच्या भेंड्यांत त्यांची पाळी आली की अक्षर भलतंच. एक दिवस त्यांच्या उजव्या बाजूला बसून, तोंडासमोर तोंड आणून मी अक्षर सांगितलं, आणि त्यांनी अख्खं भजन म्हटलं, शेवटच्या कडव्यापर्यंत. त्यांनी गोष्ट विसरलेलीच नव्हती, ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मुलाने कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. एका कानात नुसता मळ घट्ट बसलेला, दुसऱ्याला मशीन लागलं.

‘लॅन्सेट’ नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा कमी करता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. त्यांत ऐकू कमी येणं आहे, आणि त्या वर्षी नव्याने घातलेलं दिसणं कमी होणंही आहे. लहानपणी मिळालेलं कमी शिक्षण, मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, तंबाखू, दारू, वाढलेलं कोलेस्टेरॉल, हालचाल नसणं, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, हवेतलं प्रदूषण, हे बाकीचे सोबती. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ लोकांना घेऊन कानाच्या मशीनची चाचणी झाली. सगळ्यांचा मिळून तीन वर्षांत फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात आकलनाची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. आमच्याकडे मशीन आणलं जातं, पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट कानात घुसतो, आणि ते कपाटात जातं. ते सवयीचं व्हायला काही आठवडे लागतात, पुन्हा जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो, आणि सेल वेळेवर बदलायला घरात कुणीतरी लागतं. मोतीबिंदूचंही तसंच. ‘या वयात कशाला ऑपरेशन’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याच्यापुढे पट मांडून काय उपयोग?

आणि विसरणं अचानक वाढलं, चार दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागला, तर घरगुती उपाय करत बसू नये. लघवीचा संसर्ग असतो, सोडियम उतरलेलं असतं, औषधं एकमेकांत बिघडलेली असतात. हळूहळू वाढणाऱ्या विसरण्यामागेही थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा मनातली खोल उदासी असू शकते. यावर उपचार आहेत.

ज्यांना स्मृतिभ्रंश झालेलाच आहे त्यांचं काय? भारतात साठीपुढच्या लोकांत साडेसात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख माणसांना तो असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे प्रत्येक गल्लीत कुणीतरी आहे. अशा माणसाला भेटायला येणारा प्रत्येक नातलग एकच प्रश्न विचारतो: “ओळखलं का मला? सांगा बरं मी कोण?” आजी बघत राहतात. भोवती सगळे वाट पाहत असतात. कुणी सुचवतं, “अहो आजी, हा तुमचा पुतण्या!” आजी ओशाळतात. मग दुसरा येतो आणि तोच खेळ पुन्हा. माझ्या आईच्या शेवटच्या काही वर्षांत हे मी इतकं पाहिलं, की आता आमच्या घरी कुणी आजाऱ्याला भेटायला निघालं तर मी आधीच सांगते, आपलं नाव आपण सांगून टाकायचं. “मावशी, मी ओझरची सुमन, तुमच्यासाठी भोकराचं लोणचं आणलंय.” संपलं. मग मावशी लोणच्याबद्दल बोलतात.

इंग्लंडमध्ये एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य आणि मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी गटाने करायची एक पद्धत बसवली. सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, अशा चौदा बैठका. २००३ साली २०१ लोकांवर तिची चाचणी झाली, त्यात आकलन आणि जगण्याचा दर्जा दोन्हींत फायदा दिसला, आणि आज ती जगभर वापरतात. चेन्नईत तमिळमधूनही ती करून पाहिली गेली. तिचं एक तत्त्व मी केंद्रात दर वेळी वापरते. माहिती विचारायची नाही, मत विचारायचं. ‘हे कोण?’ असं फोटो दाखवून विचारलं की उत्तर बरोबर किंवा चूक असतं. ‘या दोघींपैकी कुणाची साडी चांगली दिसते?’ याला चूक उत्तरच नाही. समोरच्याला बोलायला जागा मिळते, आणि बोलता बोलता आठवणी आपल्या पावलांनी येतात.

ओव्यांच्या दिवशी हे फार छान दिसतं. जातं आणणं शक्य नव्हतं, पण एका बाईंनी घरातून जात्याचा जुना खुंटा आणला, झिजून गुळगुळीत झालेला. तो हातोहात फिरवला. त्यातल्या एक आजी आपल्या मुलांची नावं एकमेकांत मिसळतात, जेवल्या की नाही ते त्यांना सांगता येत नाही. खुंटा हातात आल्यावर त्यांनी तो उजव्या मुठीत धरला, डावा हात घास टाकायला पुढे नेला, आणि अंग पुढेमागे हलायला लागलं. मग आवाज आला. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, मग भाऊ, मग माहेरची वाट. शेजारच्या आजी म्हणाल्या, “आमच्याकडं असं न्हाई म्हणत, आधी तुळस येते.” झाली वादाला सुरुवात. ह्या सिन्नरकडच्या, त्या संगमनेरकडच्या, कुणी मागे हटेना. ज्या बाईला सकाळचं आठवत नव्हतं ती आपल्या आईने शिकवलेल्या ओळीसाठी भांडत होती, आणि बरोबर होती, कारण ओवी गावागणिक बदलतेच. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यातल्या काही मी फोनवर लावते. आज्या ऐकतात आणि बहुतेक वेळा दुरुस्त करतात. ते दुरुस्त करणंच मला हवं असतं, आणि त्यांनी सांगितलेला पाठ मी वहीत उतरवून घेते. पुढच्या वेळी वही उघडून विचारलं की, “आजी, हे तुम्हीच सांगितलेलं ना, पुढची ओळ राहिली बघा,” तर कधी ओळ येते, कधी येत नाही. पण वहीत आपलं आहे हे पाहून चेहरा बदलतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. हे सगळं करूनही स्मृतिभ्रंश होतो. त्या ‘लॅन्सेट’ समितीचा अंदाज असा, की चौदाही कारणं दूर करता आली तर जवळपास ४५ टक्के आजार टाळता किंवा लांबवता येतील. म्हणजे निम्म्याहून जास्त आपल्या हाताबाहेर आहे. “आई वाचत नव्हती म्हणून झालं,” “बाबांना पत्ते खेळा म्हणत होतो, ऐकलं नाही,” असा ठपका आजारी माणसावर ठेवणं क्रूर आहे. माझी आई अखेरपर्यंत वाचत होती. तरी झालं. आणि जी लेक किंवा सून चोवीस तास सांभाळते तिला ‘त्यांना रोज चालना द्या’ असा उपदेश करणाऱ्यांनी आधी तिला दोन तासांची सुट्टी मिळवून द्यावी. कामाची वाटणी हवी. भावाने रविवारी यावं, पुतणीने व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटं भेंड्या खेळाव्यात, शेजारणीने मेथी निवडायला आजींना आपल्याकडे बोलवावं. मेथी निवडून घ्यायला बोलवायचं आणि तीच मेथी रात्री शिजवायची.

सरकारकडून काही मिळतं ते लोकांना माहीत नसतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची मोफत हेल्पलाइन आहे. पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्टीपुढे अर्धं तिकीट आहे. ही सवलत मला मेंदूच्या कुठल्याही खेळापेक्षा मोलाची वाटते. आमच्या केंद्रातल्या दोघी जणी एसटीने वणीला सप्तशृंगीला जाऊन आल्या, मधे बस बदलली, वेळ चुकली, दुसरी पकडली, आणि आठवडाभर तो प्रवास सगळ्यांना सांगत होत्या. गाडीची पाटी वाचणं, फलाट शोधणं, सोबतिणीला सांभाळणं, पैसे जपणं, एका दिवसात किती डोकं चाललं!

आमचं केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला, आणि स्वच्छतागृह खाली. गुडघे दुखणाऱ्या बायका म्हणूनच येत नाहीत, आणि ज्यांना लघवी धरवत नाही त्या तर घराबाहेरच पडत नाहीत. वर्तमानपत्रं, कॅरम बोर्ड, टीव्ही सगळं दिलेलं आहे. तळमजल्यावरची खोली महिनोन् महिने कुलूपबंद आहे. तिच्यासाठी आम्ही अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे, आणि त्या पोचेची फाइल आता भिशीचा हिशोब पाहणाऱ्या आमच्या दोन आज्यांकडे आहे. दर सोमवारी त्या वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारून येतात.